चालकाशी बोलू नये

सुट्ट्या जोडून आल्या की लोक कॅलेंडरकडं बघून हसतात, मी कपाळाला हात लावायचो. शुक्रवारी सुट्टी आणि पुढं शनिवार-रविवार उभे, म्हणजे पुण्या-मुंबईची माणसं गावाकडं निघणार, म्हणजे जादा गाड्या, म्हणजे ड्यूटी. एसटीत ड्रायव्हर म्हणून एकोणतीस वर्षं काढली, त्यात जोडून आलेल्या सुट्टीचा माझा अर्थ एवढाच. ही तक्रार नाही. शेतकऱ्याचा जसा खरीप, तसे आमचे गणपती, दिवाळी, जत्रा आणि हे तीन-तीन दिवसांचे जोड. ऐन हंगामात रजा मागायची नसते, हे नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळतं.

३१ मे २०२५ ला मी निवृत्त झालो. जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीत निम्म्या गावाची तीच आहे. आईला ‘नांगरट चालली हुती’ एवढंच आठवायचं, बाकीचं गुरुजींनी शाळेच्या सोयीनं भरलं. एसटीची पहिली गाडीसुद्धा १ जूनलाच सुटली, १९४८ साली, पुणे ते अहमदनगर. त्यामुळं महामंडळाचा वाढदिवस आणि माझा वाढदिवस एकच, असं मी डेपोत छाती काढून सांगायचो. आमच्या डेपोत असे सात जण होते.

जुलैत एकदा भाकरी करता करता आमची ही म्हणाली, “पंधरा ऑगस्टला शुक्रवार हाय.”

मी सवयीनं म्हणालो, “मग मला जमणार नाही.”

ती तव्याकडं बघत हसली. आपल्याला आता जमण्याशिवाय दुसरं कामच नाही, हे ध्यानात यायला मला थोडा वेळ लागला. “कुठं जायचं म्हणतेस?” म्हटलं. ती म्हणाली, मुंबईला. मुंबईत काय आहे, म्हटलं, ट्रॅफिक आहे. त्यावर ती म्हणाली, “तुम्ही ऱ्हात हुता की तितं. ते दावा मला.”

मुक्काम आणि राहणं यातला फरक सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही. कराड-मुंबई रातराणी मी आलटून पालटून अकरा-बारा वर्षं चालवली असेल. रात्री निघायचं, पहाटे मुंबई सेंट्रलला पोचायचं, दिवसभर झोपायचं, रात्री परत गाडी काढायची. हिशेब केला तर हजाराच्या वर दिवस मी मुंबईत काढलेत, सगळे झोपून. गावात मात्र मी मुंबईचा माहीतगार. कुणाला केईएमला जायचं असलं, कुणाच्या पोराची मुलाखत असली, की आधी माझ्याकडं यायचे. मी कंडक्टरला विचारून सांगायचो.

मुलानं नवी गाडी घेतल्यावर जुनी वॅगनआर आमच्या दारात आली होती. गावातल्या गावात फिरवली होती, लांबचा पल्ला पहिलाच. आणि खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटत होती. बसमध्ये ड्रायव्हर उंच बसतो. पुढच्या मोटारीच्या टपावरून पलीकडचा ट्रक, ट्रकच्या बगलेतून सायकलवाला, असं चार वाहनांपुढचं दिसतं. पुढचा ब्रेक मारतो त्याच्या आधी आपला पाय उचललेला असतो. वॅगनआरमध्ये समोर काय, तर टेंपोचा पत्रा आणि पत्र्यावरची शायरी. विहिरीत बसून गाडी चालवल्यासारखं वाटायचं. स्टिअरिंग जेवणाच्या ताटाएवढं. मी शिकलो त्या गाड्यांचं परातीएवढं असायचं आणि पॉवर स्टिअरिंग नसायचं, वळणावर खांद्यापासून जोर लावायला लागायचा. त्या जोरानं हे ताट फिरवलं की गाडी थेट गटाराकडं बघायला लागते.

शुक्रवारी पहाटे चारला निघालो. पिशव्या ठेवल्या, दारं लावली, किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला आणि बसून राहिलो.

“काय इसरलं का?”

“नाही.”

“मग?”

मग काय, ते मलाही उमगेना. नंतर कळलं. मी डबल बेलची वाट बघत होतो. एक घंटी थांबायची, दोन घंट्या निघायच्या. डोकं विसरलं तरी क्लचवरचा पाय विसरत नाही. हिला सांगितलं तर ही लाजून हसली आणि हातातल्या पाटल्या काचेवर दोनदा वाजवल्या. टक टक. पाय आपोआप सुटला.

पुढं तासवडेचा टोलनाका गेला, उंब्रज गेलं, काशीळ गेलं. ही गप्प. मला वाटलं झोप लागली असेल. बघितलं तर टक्क जागी, पदर सावरून समोर बघत बसलेली, बँकेत नंबर लावून बसल्यासारखी. साताऱ्याला चहाला थांबलो तेव्हा विचारलं, का गं बोलत नाहीस?

“लिवल्यालं असतंय की. चालकाशी बोलू नये.”

मी चेष्टा समजलो. चेष्टा नव्हती. माझ्या गाडीत ती आयुष्यात एकदाच बसलेली, १९९८ साली, लग्नाला वर्ष व्हायच्या आत, माहेरी पाटणला जाताना. पुढच्या सीटवर बसली होती आणि माझ्या पाठीमागची ती पाटी तिनं सगळ्या रस्त्यानं वाचली होती. आपल्या नवऱ्याशी बोलू नका असं सरकारनं लिहून ठेवलंय, म्हणाली, मग कशाला बोला.

“ही एसटी नाही,” मी म्हटलं. “बोल.”

“काय बोलू?”

या प्रश्नावर मीही अडलो. घरी मी यायचो तेव्हा झोपायला यायचो. उठायचो तेव्हा ती रानात गेलेली असायची. आमचं बोलणं म्हणजे दारातलं, डबा घेतला का, पैसे ठेवलेत का, कवा येणार. शेजारी शेजारी बसून, दोघांचं तोंड एकाच दिशेला करून तासन्‌तास बोलायचं, ही सवय ना तिला ना मला.

सुरुवात झाली ती खंबाटकीच्या बोगद्यापासून. तेव्हा पुण्याकडं जाताना गाडी बोगद्यातून जायची, येताना घाट चढून. बोगदा आला तशी तिनं दोन्ही हात जोडले. का म्हणून विचारलं तर म्हणाली, डोंगराच्या पोटात शिरतोय, इचारून शिरलेलं बरं. बाहेर पडल्यावर ते उतारावरचं वळण. मी तिला सांगायला लागलो, इथं किती गाड्या पलटी होतात ते. आणि तिथून पुढं माझ्या लक्षात आलं की हा रस्ता मला नुसता गिअरनं पाठ आहे. इथं तिसरा, इथं चौथा, इथं पाय उचलायचा, इथं माणसं अचानक आडवी येतात. ती विचारायची, त्या टेकडीवर देऊळ कुठलं? ठाऊक नाही. ही ओळीनं झाडं कशाची? ठाऊक नाही. ते तळं कुठलं? अगं, तळं आहे तिथं? हजारदा गेलो असेन, रात्रीच गेलो. तळं माझ्या उजेडात कधी आलंच नव्हतं.

एक मात्र तिला नीट समजावून सांगितलं. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. तिथं अपघात झाला की लोक म्हणतात रस्ता वाईट. रस्त्याचं जे असेल ते असेल, पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारेही असतात. गिअर सुटला की इंजिनाची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो, आणि ऐन गर्दीच्या तोंडाशी आल्यावर पाय थेट तळाला जातो. माझ्या उस्तादानं १९९६ साली पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, ज्या गिअरवर चढ चढशील त्याच गिअरवर उतर. मी वॅगनआरसुद्धा तिसऱ्यावर उतरवली. मागचे सगळे हॉर्न मारत होते. ही मागं वळून त्यांना म्हणाली, “दमा की जरा.” काच बंद होती.

पुण्याच्या बाह्यवळणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. द्रुतगतीवर उर्सेचा टोल लागला. आदल्या दिवशी मुलगा म्हणाला होता, पंधरा ऑगस्टपासून फास्टॅगचा वर्षाचा पास निघतोय, तीन हजारांत दोनशे फेऱ्या, काढू का? म्हटलं, दोनशे फेऱ्या मारायच्या असत्या तर निवृत्त कशाला झालो असतो. शिवाय तो पास राष्ट्रीय महामार्गाचा, द्रुतगतीवर चालत नाही.

लोणावळ्याच्या अलीकडं गाड्यांची रांग सुरू झाली ती घाटात पार थिजली. सगळी मुंबई पुण्याकडं आणि सगळं पुणं मुंबईकडं निघाल्यासारखं. लोक खाली उतरून फोटो काढत होते. अमृतांजन पुलाची जागा आली तेव्हा मी तिला नुसतं आभाळ दाखवलं. इंग्रजांनी १८३० साली बांधलेला दगडी पूल होता तो, २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडला. त्याच्या खांबांमधून बस काढताना मी प्रत्येक वेळी श्वास रोखून धरायचो. पूल गेला पण सवय गेली नाही, तिथून पुढं सरकताना परत श्वास धरला.

खोपोलीचा फाटा आला तसा मी द्रुतगती सोडून जुन्या घाटानं उतरलो. गर्दी हे सांगायला कारण, खरं कारण शिंग्रोबा. घाटात त्याचं छोटं देऊळ आहे. इंग्रजांना बोरघाटाची वाट या धनगरानं दाखवली आणि बक्षीस काय हवं म्हटल्यावर त्यानं देश मोकळा करा म्हणून सांगितलं, म्हणून त्यांनी त्याला गोळी घातली, अशी गोष्ट सांगतात. मी लागलो तेव्हा द्रुतगती नव्हताच, तो २००२ चा. तेव्हा याच घाटानं उतरायचो आणि देवळापाशी गाडी हळू झाली की खिडक्यांतून खळखळ नाणी पडायची. मी बसमधून नाणं टाकलंय शेकडो वेळा, पण उतरून पाया पडलो नव्हतो. चालकाला उतरता येत नाही, मागं पन्नास माणसं बसलेली असतात. त्या दिवशी उतरलो. हिनं पदराच्या गाठीतलं नाणं सोडून ठेवलं आणि मला विचारलं, “ह्येनं वाट दावली, मग वाटेचं नाव ह्येचं का न्हाई?” मला उत्तर सुचलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला कोपरखैरण्याला मेव्हण्याकडं टेकलो. मेव्हणा वाशीच्या मार्केटात माथाडी होता. आमच्या पाटण-साताऱ्याकडची अशी बरीच घरं त्या भागात आहेत. दारातच म्हणाला, “दाजी, एवढ्या लांब तुम्ही स्वतः चालवत आलात?” मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्याचं बोलून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं.

रात्रभर पाऊस कोसळत होता. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, म्हणजे सकाळी नऊनंतर मुंबईत गाडी घालणं हे शहाण्याचं काम नव्हे. पाचलाच निघालो. खाडीपूल ओलांडला, मानखुर्द, चेंबूर. शीवच्या पुढं रस्त्यावर पाणी होतं. बसमध्ये असलं पाणी मी गुणगुणत काढायचो. इथं दाराच्या फटीकडं बघत, पहिल्या गिअरवर, पाय न उचलता काढलं. सात वाजता मुंबई सेंट्रलच्या फाटकाशी उभा.

रखवालदारानं हात आडवा केला. खाजगी गाडी आत नाही. बरोबरच आहे, मीसुद्धा कुणाला आत येऊ दिलं नसतं. पण आजवर त्या फाटकातून मी कधी चालत आत गेलो नव्हतो. गाडी बाहेर लावली आणि छत्री धरून दोघं आत शिरलो. कुठून कसं चालायचं तेच मला कळेना. बसमधून ती जागा केवढीशी वाटायची, पायी केवढी तरी निघाली.

मग मी तिला माझी मुंबई दाखवायला सुरुवात केली. हा फलाट. इथं गाडी लावायची. इथं लॉगशीट घेऊन जायचं, सही करायची. हा नळ, याला पहाटे पाणी जोरात असतं, आठनंतर करंगळीएवढी धार. या बाजूला चहा. इथं आडोशाला कपडे वाळत घालायचे, लक्ष ठेवायला लागायचं. आणि ही विश्रांतीची खोली.

खोलीत पुरुष झोपलेले, म्हणून ती दारातच थांबली. मीही थांबलो. रात्रीच्या गाड्या आणून आलेले पाच-सहा जण आडवे झालेले. खिळ्यांना खाकी शर्ट, खाली बुटांची आणि चपलांची रांग. पंख्याचा आवाज. बाहेर उजाडलेलं, म्हणून प्रत्येकानं डोळ्यांवर टॉवेल टाकलेला. एकाचा तर नाकापर्यंत घट्ट बांधलेला. ती बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ की मला अवघडल्यासारखं झालं.

“तुम्ही बी असंच झोपायचा?”

“असंच.”

“तरीच टावेल मधेच इरायचं.” थोड्या वेळानं परत म्हणाली, “मी तुम्हाला बोलायची. टावेल कशानं एवढं इरत्यात म्हणून.”

हे मला आठवत होतं. वर्षाला चार टॉवेल लागायचे आणि त्यावरून घरात कुरबूर व्हायची. डोळ्यांवर आवळून बांधतो, हे सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

पंधरा मिनिटांत माझी मुंबई संपली. ती म्हणाली, “झालं?” मी म्हटलं, झालं. तिच्या आवाजात हिरमोड नव्हता, पण मला उगाच खजील वाटलं. परीक्षेत एक पानी उत्तर लिहून बसल्यासारखं. म्हणून म्हटलं, चल, समुद्र दाखवतो.

गिरगाव चौपाटी तिथून तीन किलोमीटरसुद्धा नसेल. पाच-सात मिनिटांत मरीन ड्राइव्हला लागलो. पावसामुळं कठड्यावर चिटपाखरू नव्हतं. समुद्राचा रंग गढूळ, कृष्णेला पूर येतो तसा. त्रिकोणी दगडांवर लाट आपटली की तुषार रस्त्यापर्यंत. ती कठड्यापाशी उभी राहिली, तोंडावर पाणी आलं तसं ओठ चाटून म्हणाली, “खारं हाय.” आणि मग वळून मला विचारलं, “डेपोतनं हितं याला किती येळ लागला?”

“पाच-सात मिनिटं.”

“मग तुम्ही रोज का येत न्हवता?”

मी दोनदा आलो होतो. एकदा १९९९ मध्ये एका कंडक्टरबरोबर, एकदा घरी न्यायला खेळणं घ्यायला बाहेर पडलो होतो तेव्हा. बाकी दिवस झोप. रात्री पन्नास माणसांचा जीव मागं असतो, दुपारी समुद्र बघितला तर रात्री घाटात डोळा लागतो. हे तिला सांगितलं. तिनं ऐकलं. म्हणाली, “बरं केलं.”

हिचे वडील लालबागला गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि ते गावाकडं परतले, त्यानंतर मुंबईचं नाव त्यांनी काढलं नाही. गावच्या माणसांनी मिळून घेतलेली एक खोली होती, त्यात वीस-वीस जण पाळीपाळीनं झोपायचे. ती चाळ बघायची म्हणून उड्डाणपुलावरून न जाता मी खालून गाडी घातली. माझी चूक. चाळीच्या जागी टॉवर होता, ते अपेक्षित होतं. गोविंदा इतक्या लवकर रस्त्यावर येतील हे अपेक्षित नव्हतं. एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं ट्रकमधून, टेंपोच्या टपावरून, आणि मोटारसायकलवर तिघं-तिघं. पाऊस, ढोल, भोंगे. ही काच खाली करून डोळे मोठे करून बघत होती. मी घामानं भिजलेला.

समोरून ट्रक आला. त्याला वाट द्यायला मी डावीकडं घ्यायला लागलो. ही म्हणाली, “आवो, डावीकडं गाडी हाय.”

“गप बस. मला कळतंय.”

“आवो, डावीकडं—”

फट्ट असा आवाज झाला. तिघं बसलेली मोटारसायकल माझ्या आणि उभ्या टेंपोच्या मधून निघून गेली आणि जाताना डावा आरसा घेऊन गेली. मागच्या पोरानं वळून “सॉरी काका” म्हटलं. काका म्हणाला, इतपत संस्कार होते. मी खाली उतरलो. आरशाचं टोपण लोंबत होतं, काचेचा चुरा रस्त्यावर. माझ्याकडं पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे. लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेला.

आता चूक काय झाली ते मला तिथंच उमगलं होतं. बसमध्ये डावी बाजू कंडक्टरची. गाडी मागं घेताना तो उतरून शिट्टी मारतो, अरुंद गल्लीत दारात उभा राहून हातानं दाखवतो, येऊ द्या, येऊ द्या, बास. एवढ्या वर्षांत माझी उजवी बाजू आणि समोरचं, एवढंच माझं. डाव्या बाजूला कुणीतरी असतंच, हे गृहीत. त्या दिवशीही होतं, सांगतही होतं. मी त्याला गप बस म्हणालो.

उमगलं म्हणून बोललो असं नाही. शिवडीपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. आल्या वाटेनं परत जायचा धीर नव्हता, म्हणून अटल सेतू धरला. अडीचशे रुपये टोल गेला. एकवीस किलोमीटरहून जास्त लांब पूल, दोन्हीकडं पाणी, पाणी आणि आभाळ यांत फरक कळू नये असा पाऊस. इतका सरळ आणि मोकळा रस्ता मी नोकरीत चालवला नव्हता, आणि मजा काडीची येत नव्हती. पुढं एक टँकर हळू चालला होता. मला लेन बदलून परत डावीकडं यायचं होतं आणि डावीकडं काय आहे ते दिसत नव्हतं. मी मान वाकडी करून बघायचा प्रयत्न करत होतो.

“मागनं पांढरी गाडी येतीया,” ही समोर बघत म्हणाली. “लांब हाय पर जोरात हाय. येऊ द्या तिला फुडं.”

पांढरी गाडी सूं करून गेली.

“आता या.” आणि काचेवर पाटल्या वाजवल्या. टक टक.

मी डावीकडं घेतली. थोड्या वेळानं म्हणालो, “पंचवीस वर्षांचा बिल्ला आहे माझ्याकडं.”

“निम्मा कंडक्टरचा असंल मग त्यो,” ती म्हणाली.

रविवारी सकाळी मेव्हण्यानं आपला दाढीचा आरसा डाव्या बाजूला चिकटपट्टीनं बसवून दिला. खटपट्या माणूस. पण कोन असा साधला की मला त्यात रस्ता दिसायचाच नाही, हिचं तोंड दिसायचं. पनवेलच्या पुढं वाऱ्यानं चिकटपट्टी फडफडायला लागली तेव्हा तो काढून तिच्या पिशवीत ठेवला. कराडपर्यंत सगळा रस्ता डावी बाजू तिनं सांभाळली. खंडाळ्याचा घाट, पुण्याची गर्दी, खंबाटकीचा चढ. “टरक हाय. अजून एक टरक हाय. थांबा. हं, आता या.” झोप तर सोडाच, पाणी प्यायलासुद्धा विचारून खाली बघायची.

आणि आम्ही बोललो. कळंबोली गेली तेव्हा मी तिला २६ जुलै २००५ सांगितला. दिवसाची जादा गाडी घेऊन निघालो होतो. याच भागात पुढं पाणी बघून मी गाडी उंचवट्यावर उभी केली. बेचाळीस प्रवासी, एक बाळंतीण. लोक ओरडत होते, चला म्हणून. मी किल्ली काढून खिशात घातली आणि चढलेल्या पाण्याकडं बघत रात्रभर स्टिअरिंगवर बसून राहिलो. सकाळी एका घरातून त्या बाळंतिणीला दूध आणून दिलं होतं कुणीतरी.

ती ऐकत राहिली. डावीकडचा एक टेंपो जाऊ दिला. मग तिनं तिची बाजू सांगितली. त्या रात्री टीव्हीवर मुंबई बुडाल्याचं दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला शेजारी ठेवून ती कराडच्या स्टँडवर गेली. कंट्रोलरनं सांगितलं, गाडीचा पत्ता नाही, फोन लागत नाहीत. ती चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसली. मुंबईकडून येणारी प्रत्येक गाडी आली की उठून ड्रायव्हरचं तोंड बघायची. संध्याकाळी कंट्रोलर म्हणाला, बाई, घरी जा, काही कळलं तर माणूस पाठवतो. ती घरी गेली, स्वयंपाक केला, झाकून ठेवला. मी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही जेवला आन्‌ झोपला,” ती म्हणाली. “उठला तवा ड्यूटी हुती.”

वीस वर्षं झाली होती. कराडच्या स्टँडवरचा तो बाक मी रोज बघत होतो.

सोमवारी सकाळी गॅरेजला जाऊन नवा आरसा बसवून घेतला. कोन नीट लावून घेतला, दोनदा तपासला. घरी परतताना गाडीत एकटाच होतो. हमरस्त्यावरून गावाच्या फाट्याला डावीकडं वळायचं होतं. इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, मागं मोकळं होतं. तरी मी थांबलो. मागं एक मोटार येऊन उभी राहिली, मग तिच्या मागं ट्रॅक्टर. मोटारवाल्यानं हॉर्न वाजवला, मग परत वाजवला, मग काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, “काका, कुणाची वाट बघताय?”